घर क्रमांक सातसाठी मुलाखत

समितीने मला फेब्रुवारीत पाठवलं,
गॉलवेहून दीड तास पश्चिमेला,
जिथे रस्त्याच्या पाट्यांवरून इंग्रजी उतरून जाते
आणि आमची अक्षरं,
शहरात तिरकी, बारीक,
दुसऱ्याच्या घरात अंग चोरून बसल्यासारखी,
इथे एकदम सरळ उभी राहतात.

बारा नवी घरं. पांढरी. विकताना अट एकच:
घेणाऱ्याला आयरिश आली पाहिजे
आणि पंधरा वर्षं ती घरात नांदली पाहिजे.
येते की नाही, ते मी ठरवणार.
माझी आयरिश डब्लिनची, शाळेतली,
इस्त्री केलेली. व्याकरणाला कुठे चुणी नाही.

समोर बार्टली मुलकेरिन, वय चौसष्ट,
तीस वर्षं बर्मिंगहॅमखाली बोगदे खणून परतलेला.
स्वेटरला डिझेलचा वास, टोपी गुडघ्यावर.

"परदेशात भाषा कुणाशी बोलत होतात?"
"मिक्सरशी," तो म्हणाला.
"काँक्रीट आळायला लागलं की शिव्या द्यायचो.
आणि घरमालकिणीच्या कुत्रीशी.
म्हातारी झाली तेव्हा त्या घरात
तिला बसायला सांगू शकणारा मी एकटाच होतो."
यासाठी अर्जात रकाना नव्हता.

मग शब्दसंग्रह. गहाणखत. हप्ता. ओला कचरा, सुका कचरा.
त्याने तिन्ही वेळा इंग्रजीच वापरली, न लाजता.
मी गुण कापले.
तो खिडकीतून ओहोटीकडे बघत होता.
म्हणाला, तो काळा दिसतोय ना, तो खतापुरता.
त्याच्याखालचा खायचा, पण उन्हाळा लागायच्या आत.
तो पट्ट्यांसारखा, तो वादळानंतरच हाती लागतो.
आणि प्रत्येक शेवाळाचं नाव घेतलं,
अकरा नावं, शेजाऱ्यांची घ्यावीत तशी.
मला त्यातली दोन ठाऊक होती.
उरलेली मी अर्जाच्या पाठीवर लिहून घेतली,
कानाला जशी लागली तशी. शुद्धलेखनाची खात्री नाही.

माझं पेन पाहून तो हसला.
"माझ्या पणज्याच्या गळ्यात मास्तरांनी काठी बांधली होती.
आयरिशचा एक शब्द, काठीवर एक खाच.
संध्याकाळी खाचा मोजायच्या, तेवढ्या छड्या.
तू पण खाचाच पाडतेयस, पोरी.
फक्त सांग, घर मिळायला किती लागतात?"

मी काय बोलणार?
राज्यघटनेत ही भाषा पहिली आहे, हे सांगू?
ब्रसेल्समध्ये माशांच्या कोट्याचा प्रत्येक कागद
आता आयरिशमध्ये निघतो, हे?
त्याच्या धाकट्या भावाने होडी विकली, तो कागद इंग्रजीत होता.
ते त्याने सांगितलं नाही. फायलीत होतं.

शेवटचा प्रश्न:
या भाषेत संसार करण्याची तयारी आहे का?
खाली दोन चौकटी. हो. नाही.
आता आमच्या भाषेत हो नाही. नाहीही नाही.
विचारलं, जेवलास? तर म्हणायचं, जेवलो.
येशील? येईन.
क्रियापद उचलून परत द्यावं लागतं,
नुसती मान हलवून सुटका नसते.
अर्ज कुणीतरी इंग्रजीतून उतरवला होता,
चौकटींत काहीतरी जवळपासचं कोंबून.

"आहे," बार्टली म्हणाला.
आणि टोपी घालता घालता,
"तुला गं? रात्री दचकून जागी होतेस,
तेव्हा कुठली येते?"

मी शिफारस लिहिली. सही केली.
चाळीस मैलांनी पाट्या पुन्हा तिरक्या झाल्या.
त्या वादळानंतरच्या शेवाळाचं नाव
गाडीत मोठ्याने म्हणून पाहिलं.
तिसऱ्या अक्षराला जीभ घसरली.

पेट्रोल पंपावर काउंटरवरच्या मुलीने विचारलं,
पावती हवी का?
हो, म्हणाले मी.
इंग्रजीत. एका शब्दात काम झालं.